पायाळू जावई आणि लंगडा घोडा

मी या जगात पायांकडून आलो. आधी दोन तळवे आले, मग गुडघे, आणि डोकं अगदी शेवटी, बाहेर काय परिस्थिती आहे याचा पायांकडून रीतसर अहवाल मिळाल्यावर. अशा माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि पायाळूच्या पायात गुण असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळूने त्या जागी आपला अनवाणी पाय लावायचा. उसण उतरते. का उतरते हे विचारायचं नसतं.

साताऱ्यात आमच्या गल्लीत माझ्या पायाचं केवढं प्रस्थ होतं हे आज कुणाला पटणार नाही, म्हणून जरा कमी करूनच सांगतो. रविवारी सकाळी मी डोळे चोळत दार उघडलं, की बाहेर काटकोनात वाकलेल्या माणसांची रांग पार पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलेली असायची. मी दात घासता घासता एकेकाच्या पाठीला पाय लावत पुढे जायचो आणि माझ्यामागे रांग ताठ होत यायची. एक गृहस्थ तर इतके ताठ झाले की पुढच्याच निवडणुकीत नगरपालिकेला उभे राहिले.

पायाळू असण्याचा एक तोटा म्हणजे त्याच्याकडे वीज ओढली जाते, असं म्हणतात. माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताला आभाळ गडगडलं. सासूबाईंनी झटक्यात सगळी नागपूरकर मंडळी मांडवाच्या लांबच्या कोपऱ्यात ओढून नेली. घाईत मुलीलाही नेलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं. मी हार घेऊन उभा, आणि भटजी आभाळाकडे बघत उरलेल्या मंगलाष्टका एका दमात संपवण्याच्या मागे. लग्न पुढे लागलं, पण सासूबाईंनी मला त्या दिवसापासून एका विशिष्ट अंतरावर ठेवलं ते ठेवलंच.

नोकरीसाठी इंग्लंडात, मेडनहेडला आल्यावर या सगळ्याचा मला विसर पडला. इथली वीज फार सभ्य. वर्षातून एकदा दूर कुठेतरी खाकरते आणि सॉरी म्हणून निघून जाते. उसण भरली तर लोक जीपीला, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरला, फोन करतात, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ती आपोआप बरी होते. माझे पाय मोज्यात गेले, मोजे बुटात गेले, आणि मी इतर कॉम्प्युटरवाल्यांसारखा डोक्यावर पोट भरू लागलो.

मग घोडा आला.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर बायकोच्या मैत्रिणींपैकी एकीने झुंबा धरला, एकीने गुरू धरला. हिने घोडा धरला. धरला म्हणजे शेअर केला. इथे घोडा दुसऱ्याचा असतो, आणि आपण आठवड्यातले काही दिवस त्याची लीद काढायची, त्याला खरारा करायचा, आणि मग त्याची हरकत नसेल तर वर बसायचं, याला घोडा शेअर करणं म्हणतात. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ही बातमी ‘तिने घोड्याचे शेअर घेतलेत’ अशी पसरली. फायनान्समधले दोघं-तिघं मला बाजूला घेऊन विचारू लागले की आत्ताच घ्यावेत की पडल्यावर. मी म्हटलं, ती दर आठवड्याला पडते, केव्हाही घ्या.

घोडा तपकिरी, पायांना पांढऱ्या झालरी, आणि इतका उंच की त्याच्या पाठीवर उभं राहिलं तर स्वच्छ हवेत कार्डिफ दिसतं. कागदोपत्री त्याचं नाव एखाद्या संस्थानिकाला शोभेल असं लांबलचक होतं. बायको त्याला ‘बाळ’ म्हणायची. बाळाचं वजन आमच्या गाडीच्या जवळपास होतं आणि बाळ गाडीपेक्षा जास्त खायचं. पण एक सांगतो, घोड्यावरून उतरलेली माझी बायको ही मी लग्न केलेल्या बाईपेक्षा बरीच हसरी बाई होती. आम्हाला दोघांनाही ती आवडायला लागली होती.

आणि मग बाळ लंगडायला लागलं. डावा पुढचा पाय. पशुवैद्य आला. त्याने घोड्याला काँक्रीटवरून दुडक्या चालीने न्यायला लावलं आणि हात बांधून बघत राहिला. लंगडा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर झटकतो आणि चांगला पाय टेकला की खाली पाडतो. म्हणजे चालताना तो सारखं हो, हो, हो म्हणत असल्यासारखा दिसतो. खुराच्या वरच्या सांध्यात हाड वाढलंय, असं एक्स-रेत निघालं. खाण्यात रोज चिमूटभर पावडर द्या, हिंडू-फिरू द्या, तो दुखण्याने हैराण होणार नाही, पण याच्यावर पुन्हा कुणी बसेल अशी आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाला. घोडा हो, हो म्हणत तबेल्यात गेला.

घोड्याची आणि तबेल्याची मालकीण एकच होती. सत्तरी पार केलेली, सरळसोट, वर्षभर एकच हिरवं जाकीट घालणारी. तिच्या बोलण्यात क्रियापदं क्वचित यायची. ‘दार.’ ‘बादली.’ ‘टाचा खाली.’ तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या घोडे होते, आणि एक नियम होता: घोड्याला काम हवं. कुरणात शोभेला उभं केलेलं जनावर ती ठेवत नसे, आपलं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. हाच नियम आपण स्वतःलाही लावलाय, असं ती सांगायची, आणि तिच्याकडे बघून त्यात शंका यायची नाही. बायकोने एक वर्षभर तिला थोपवून धरलं. मी त्याचा सगळा खर्च करते, मी नुसती त्याला हिंडवते, मला बसायचं नाही. मालकीण म्हणायची, तुझ्यासाठी ठीक आहे, त्याच्यासाठी काय? शेवटी तिने दिवस ठरवला.

त्या संध्याकाळी सासूबाई आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. बायको दारातून आली, बूटही काढले नाहीत, आणि म्हणाली, “ईस्टरनंतर त्याला झोपवणार आहेत.”

“बरं होईल न बाप्पा,” सासूबाई म्हणाल्या. “किती दिवसाचा उभा राहून राहिला तो. झोपू द्या जरा.”

बायको जी रडायला लागली ती थांबेना. इंग्लंडमध्ये जनावराला झोपवणं म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं, हे सासूबाईंना समजावण्याचं काम माझ्यावर आलं. त्यांनी मटार सोलणं थांबवलं.

“काहून? पाय दुखून राहिला म्हणून?”

“हो.”

“माझे तर दोन्ही गुडघे दुखून राहिले. जावईबापू, माझं तिकीट जरा अलीकडचं करा.”

दुसऱ्या दिवशी त्या मुलीबरोबर तबेल्यावर गेल्या. घोड्याला बघून त्यांचं मन विरघळलं, कारण त्यांनी काहीही विचारलं की तो हो म्हणायचा. त्या दिवसापासून घोड्याच्या बाजूने आमच्या घरात दोन मतं झाली, आणि आमच्या घरात दोन मतं झाली की ठराव पास होतो.

ईस्टरच्या आत घोड्याला बरं करायचं होतं. डॉक्टरने हात टेकले होते, तेव्हा इतर मार्ग सुरू झाले. आता मला इतकी वर्षं वाटायचं की उतारे, अंगारे, देवऋषी हे सगळं आपलंच, आणि ते आपण हिथ्रोला उतरताना कस्टमच्या लाल दारातून जमा करून आलो आहोत. कसलं काय. या देशात घोडा लंगडला की आमच्या बर्कशर परगण्याच्या झाडाझाडातून वैदू निघतात. एक बाई लोहचुंबक शिवलेले मोजे घेऊन आल्या. ते घातल्यावर घोडा तबेल्यातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पायाला दोन फावडी, एक विळा आणि एक बादली चिकटून आली. दुसऱ्या बाईंनी सुया टोचल्या. घोड्याला काही वाटलं नाही, पण बघता बघता मी आडवा झालो. तिसऱ्यांनी व्हिडिओ कॉलवरून रेकी पाठवली. बायकोने फोन घोड्याच्या गुडघ्यासमोर धरला होता. घोड्याने तो चाटला, आणि पलीकडून त्या बाई भारावून म्हणाल्या की ऊर्जा आत चाललीय.

मग प्राण्यांशी मनातल्या मनात बोलणाऱ्या एक बाई आल्या. डोळे मिटून घोड्याबरोबर चालू लागल्या. मागच्या जन्मी तुझी कुणी जवळची करडी घोडी होती का? घोडा चालत होता, अर्थात हो म्हणाला. तू अजून तिचा शोक करतोयस का? हो. हा पाय म्हणजे तो शोक आहे का? हो, हो. सासूबाईंनी मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, लग्न जमवायचं होतं तर आधी सांगायचं, मी पत्रिका बघितली असती.

शेवटी एक मालिशवाली आली, आणि तिच्या हातात खरोखर जादू असावी, कारण ती घोड्याची पाठ रगडत होती तेव्हा मला शेजारच्या घोड्याच्या खणात जाऊन उभं राहावंसं वाटलं. ती म्हणाली, बिचारा पाय वाचवत चालतो, त्यामुळे पाठ आखडलीय. उसणच म्हणा ना.

मी घरी आलो आणि हे वाक्य मराठीत सांगण्याची चूक केली.

सासूबाईंनी कढईतला झारा तसाच धरला. “घरात पायाळू जावई आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अन् आपण दुनियाभरच्या बाया बोलावून राहिलो.”

लग्नानंतर प्रथमच त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मी बरंच बोललो. पायाळूचा गुण माणसाला, जनावराला नाही. इतक्या वर्षांत मोज्यात राहून तो मेला असेल. इथला घोडा इंग्लिश, त्याला कसं लागू पडेल. सासूबाई म्हणाल्या, सुया चिनी चालल्या, रेकी जपानी चालली, तुमचा पाय तर कॉमनवेल्थचा आहे. बायको एरवी मला अरे-तुरे करते, फक्त आईसमोर अहो म्हणते. ती म्हणाली, “अहो, लावून तर बघा,” आणि तिचा आवाज असा काही आला की मी मोजा काढायला खाली वाकलो.

कार्डिफला शिकणाऱ्या लेकीला ही बातमी लागली तेव्हा तिचा फोन आला. “बाबा, तू घोड्याच्या पाठला लाथ मारणार? इथे पोलिस येते.” मी सांगितलं, लाथ नाही, स्पर्श. तिने आईला फोन द्यायला सांगितला, आईने आजीला दिला, आणि आजीने काय सांगितलं कोण जाणे, पण लेकीचा शेवटचा निरोप व्हिडिओ काढा असा होता.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी, टळटळीत दुपारी, म्हणजे मेडनहेडला जेवढी टळटळू शकते तेवढी, आम्ही तबेल्यावर गेलो. मालकीण दारातच उभी होती. आज काय, असं तिने भुवयांनी विचारलं. मी सांगितलं, इंडियन फूट थेरपी. रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपाय दाबायची विद्या, असं समजून तिने मान हलवली. मग मी माझा गमबूट काढला, मोजा काढला, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तिने माझा पाय बघितला, घोड्याचा पाय बघितला, आणि पेशंट बदलला तर नाही ना, असं विचारलं.

पाठ एवढ्या उंचीवर असलेल्या रोग्यावर मी आजवर उपचार केलेला नव्हता. घोड्यावर चढण्यासाठी तिथे पायऱ्यांचा लाकडी ओटा असतो. त्यावर मी चढलो. बायकोने घोडा शेजारी आणून उभा केला. सासूबाईंनी खालून मार्गदर्शन केलं. मी एका पायावर उभा राहिलो, दुसरा उचलला आणि हलकेच त्या तपकिरी पाठीवर ठेवला. पाठ छान उबदार होती. इतक्या वर्षांनी माझा पाय पुन्हा आपल्या कामावर रुजू झाला, आणि खरं सांगतो, तळव्यात काहीतरी सळसळलं.

घोड्याला सुया चालल्या होत्या, चुंबकं चालली होती, मागचा जन्म चालला होता. पण त्याने मान वळवून आपल्या पाठीवर पाच बोटांचा खूर बघितला आणि हे त्याला नवीन वाटलं. तो बिथरला नाही. तो फक्त, अतिशय सभ्यपणे, चालू लागला. एक पाय ओट्यावर, एक घोड्यावर, असा मी लांबत गेलो. एका क्षणी माझा डावा पाय मेडनहेडला होता आणि उजवा क्रॉयडनला पोचत होता. पुढे काय झालं ते लेकीच्या आग्रहामुळे चित्रित झालेलं आहे. मी पाठीवर पडलो.

पडल्या पडल्या मला कळलं की कंबर धरली आहे. वर सासूबाईंचा चेहरा दिसला. त्या म्हणाल्या, “आता यांच्यासाठी पायाळू कुठून आणायचा?”

मालकिणीने विचारलं, त्या काय म्हणतात. मी चिखलात आडवा असल्याने मला घाई नव्हती. मी तिला सगळं समजावलं: आमच्यात पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठदुखीला लावतात, म्हणून मला वर चढवलं होतं. माझं ऐकायला ती खाली बसली. आणि ती कशी बसली हे मी बघितलं. वाकली नाही. एका हाताने दाराची कडी धरली, पाठ भिंतीसारखी सरळ ठेवली, आणि गुडघ्यातून इंचाइंचाने खाली आली. असं खाली येणारी माणसं मी लहानपणी दर रविवारी बघितली होती. ती ताठ होती म्हणून सरळ नव्हती. तिला वाकताच येत नव्हतं.

“पण सगळीच शिंगरं पाय आधी टाकून येतात,” ती म्हणाली. क्रियापदासकट म्हणाली. “पुढचे दोन पाय, त्यावर नाक. डोकं एकटंच आधी आलं तर आम्ही डॉक्टरला बोलावतो.”

बायकोने हे आईला मराठीत सांगितलं. सासूबाईंनी घोड्याकडे बघितलं. पलीकडच्या खणातल्या दुसऱ्या घोड्याकडे बघितलं. कुरणात चरणाऱ्या चार-पाच घोड्यांकडे बघितलं.

“म्हणजे ही सारी जातच पायाळू?” त्या म्हणाल्या. “मग तुमचा पाय त्याला कसा लागू पडेल जी? तुम्ही दोन पायाचे पायाळू, तो चार पायाचा; गुण मोठ्याचा लहान्याला येते. उठा. त्याच्याकडे पाठ करा.”

मी हातागुडघ्यांवर उभा राहिलो आणि घोड्याकडे पाठ केली. आता, वर्षभर येणारा-जाणारा प्रत्येकजण त्या घोड्याचा डावा पुढचा पाय मागत होता. कुणी तपासायला, कुणी टोचायला, कुणी मोजा चढवायला. त्यामुळे ‘पाय’ म्हटलं की तो शेकहँड केल्यासारखा डावा पाय पुढे करायचा. बायको ‘पाय’ म्हणाली. त्याने दिला. तिने तो दोन्ही हातांत तोलून धरला आणि खूर माझ्या कंबरेला हलकेच टेकवला. जड, कोमट, गवताचा वास येणारा खूर. कुठेतरी कट्ट असं वाजलं.

ते माझ्या कंबरेत वाजलं की ओट्याची फळी वाजली, यावर आमच्या घरी अजून चर्चा होते. मी त्या वेळी मालकिणीकडे बघत होतो, आणि काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी उभा राहिलो. ताठ. मग वाकलो आणि पायाच्या अंगठ्यांना हात लावले, जे मी लग्नातही करू शकलो नव्हतो. मग सूर्यनमस्कार घातला. सहावा घालताना बायकोने मला पुरे म्हणून चिमटा काढला.

मालकीण कडी धरून इंचाइंचाने उठली. तिने सगळ्यांना चहाला पाठवलं. सासूबाईंना मात्र तिने बोट वर करून थांबवून घेतलं.

त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी मोजा शोधण्याच्या निमित्ताने अर्ध्या दाराशी घुटमळलो. आत सासूबाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या, घोड्याचा खूर मांडीवर घेऊन, जणू मटार सोलायचं सूप. मालकीण हिरवं जाकीट वर करून, दोन्ही हात गव्हाणीवर टेकून, पाठमोरी मागे मागे सरकत होती.

“लोअर,” मालकीण म्हणाली.

“अजून वाका, मग लागन,” सासूबाई म्हणाल्या.

“नो. लेफ्ट.”

“हो, हो. तिथंच धरते मी. श्वास सोडा.”

घोडा दोघींनाही हो म्हणत होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. फाटकापर्यंत गेली, तिथे पडलेली बादली बघून क्षणभर थांबली, आणि वाकून ती उचलली. मग कुणी बघितलं का म्हणून तिने मागे वळून पाहिलं. आम्ही तिघंही आभाळ बघत होतो. तिने काही कबूल केलं नाही. ठरलेला दिवस रद्द झाल्याचंही सांगितलं नाही. घरी परतताना गाडीत बायको म्हणाली, तिला बरं वाटलं असेल, पण म्हणून ती शब्द फिरवणारी बाई नाही. मी तिला धीर दिला, पण माझं मलाच फारसं पटलं नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी डॉक्टर आला. बायकोने रजा घेतली होती. खिसे गाजरांनी भरले होते आणि एकही तिच्याने देववत नव्हतं. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिने माझा हात धरला नाही, घोड्याचा कान धरून ठेवला. डॉक्टर पन्नाशीचा, धिप्पाड, कपाळाला कायमची आठी. त्याने बॅग भिंतीशी ठेवली आणि नियमाप्रमाणे आधी घोडा काँक्रीटवरून नेऊन आणायला सांगितलं. बायकोने नेला. घोडा पूर्वी लंगडायचा तितकाच लंगडला. तसूभरही कमी नाही. चुंबकं, सुया, रेकी, मागचा जन्म आणि माझा पाय, कशाचाही काही उपयोग झालेला नव्हता.

डॉक्टर मालकिणीकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, मग, ठरल्याप्रमाणे?

बायकोने डोळे मिटून घेतले.

“नाही,” मालकीण म्हणाली. “तो कामावर आहे.”

“कसल्या कामावर?”

“पाठदुखीच्या.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी स्वतःच्या कमरेवर थोपटून दाखवलं. मालकिणीने त्याला काहीच समजावलं नाही. तिने फक्त, सगळ्यांसमोर, कमरेतून वाकून जमिनीवर पडलेली गवताची एक काडी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

आता तुम्ही विचार करा. हा माणूस ऐन तारुण्यापासून घोड्यांच्या पोटाखाली वाकून उभा राहत आला होता. तो बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिला. मग मालकीण चहाला गेली आहे याची खात्री करून घेऊन त्याने बायकोला विचारलं की यासाठी नेमकं कुठे उभं राहायचं असतं. कुणाला कळायला नको, हेही म्हणाला.

सासूबाईंनी बादली पुढे सरकवली होती, पण बायकोने त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः बसली. तिचे डोळे अजून ओले होते.

“पाय,” ती म्हणाली.

बाळाने दिला. तिने तो मांडीवर घेतला आणि त्याच्या झालरीत तोंड खुपसून हसायला लागली. डॉक्टर शर्ट वर करून तिच्याकडे पाठमोरा मागे सरकत होता.

“थोडं डावीकडे,” तो म्हणाला.